चार आसनी विमान, फुकट प्रवास आणि ‘आज नाही’ म्हणणारा पायलट

कर्करोगाचा उपचार एका खेपेत संपत नाही. केमोथेरपीची सायकल दर दोन-तीन आठवड्यांनी येते, रेडिएशन असेल तर आठवड्यातले पाच दिवस जावं लागतं, आणि सगळं संपल्यावरही तपासण्यांच्या चकरा वर्षानुवर्षं चालू राहतात. रुग्णालय जवळ असेल तर हे कसंबसं निभावतं. अमेरिकेतल्या माँटाना, वायोमिंग, नेवाडासारख्या राज्यांत मात्र गाव आणि मोठं रुग्णालय यांच्यात पाचशे-सहाशे किलोमीटर सहज असतात. आपल्याकडे एवढ्या अंतराला रात्रीची गाडी मिळते. तिथल्या बऱ्याच गावांना रेल्वेही नाही आणि धड बसही नाही. घरातल्या कुणीतरी रजा काढून मोटार चालवायची, आणि नुकतीच केमो घेतलेल्या माणसानं मागच्या सीटवर मळमळ सोसत सहा-सात तास काढायचे. विमानकंपनीचं तिकीट काढावं तर आधी मोठ्या विमानतळापर्यंत जायचं, मध्ये विमान बदलायचं, आणि प्रतिकारशक्ती पार खालावलेली असताना गर्दीत बसायचं.

आता त्याच देशातली दुसरी गोष्ट बघा. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ आहेत. नियमित प्रवासी विमानं त्यांतल्या जेमतेम ५०० ठिकाणी जातात. बाकीच्या ठिकाणी एक डांबरी धावपट्टी, इंधनाचा पंप आणि दोन-चार पत्र्याचे हँगर असा संसार असतो. तिथे उतरतात ती छोटी खासगी विमानं. त्यांचे मालक शेतकरी, डॉक्टर, वकील, निवृत्त इंजिनिअर, कंत्राटदार अशी माणसं असतात. हौसेनं पायलटचा परवाना काढलेला असतो आणि हात साफ राहावा म्हणून ती उडत असतात. शनिवारी सकाळी विमान काढायचं, शंभर मैलांवर उतरून नाश्ता करायचा आणि परत यायचं, हा तिथला नेहमीचा छंद. मग त्या रिकाम्या सीटवर रुग्ण का बसू नये?

१९८३ साली कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथे काही पायलटांनी हे करून पाहिलं. त्यातून आजची ‘एंजल फ्लाइट वेस्ट’ ही संस्था उभी राहिली. अमेरिकेच्या इतर भागांतही अशा संस्था निघाल्या. कॅनडात १९८६ मध्ये ‘होप एअर’ सुरू झाली आणि ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये ‘एंजल फ्लाइट ऑस्ट्रेलिया’. रुग्णाकडून कुठेच एक पैसाही घेतला जात नाही.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. ही एअर ॲम्ब्युलन्स नव्हे. विमानात डॉक्टर नसतो, नर्स नसते, स्ट्रेचर नसतं, सलाइन लावायची सोय नसते. ऑस्ट्रेलियात १९२८ पासून चालत आलेली ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ प्रसिद्ध आहे, पण तिथे पगारी पायलट आणि वैद्यकीय कर्मचारी असतात, आणि अत्यवस्थ रुग्ण आणणं हेच तिचं काम आहे. स्वयंसेवी पायलट नेतो तो प्रकृती स्थिर असलेल्या, ठरलेल्या तारखेला उपचारासाठी निघालेल्या माणसाला. त्याला स्वतःच्या पायांनी किंवा थोड्या आधारानं विमानात चढता आलं पाहिजे. हे वाटतं तेवढं सोपं नसतं, कारण पंख खाली असलेल्या विमानात शिरताना आधी पंखावर पाय ठेवून वर चढावं लागतं. दोन-तीन तास सरळ बसता आलं पाहिजे. स्वच्छतागृह नसतं. अशा बहुतेक विमानांत हवेचा दाब राखायची सोयही नसते. म्हणजे विमान १०,००० फुटांवर गेलं की आतली हवाही तिथल्यासारखीच विरळ होते. फुप्फुसाचा आजार किंवा हिमोग्लोबिन खूप कमी असलेल्या माणसाला ते झेपेलच असं नाही. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरचं लेखी पत्र आधी मागवतात.

एक उड्डाण ठरतं कसं? सहसा रुग्णालयातल्या सामाजिक कार्यकर्त्याकडून संस्थेकडे विनंती जाते. संस्थेतले समन्वयक प्रकृती, तारीख आणि ठिकाण तपासतात आणि ती खेप पायलटांच्या यादीवर टाकतात. ज्याला तो दिवस आणि तो मार्ग जमतो तो ती उचलतो. अंतर फार असेल तर टप्पे पाडतात. एक पायलट अर्ध्या वाटेवर आणून सोडतो, तिथे दुसरा विमान घेऊन उभा असतो. ऑस्ट्रेलियात विमानतळावरून रुग्णालयापर्यंत नेणारे स्वयंसेवी मोटारचालकही आहेत, कारण छोटं विमान उतरतं ते बहुधा शहराच्या कडेच्या धावपट्टीवर, आणि तिथून पुढे टॅक्सीचा खर्च कुटुंबाच्याच माथी पडतो. या मोटारचालकांबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण त्यांच्याशिवाय साखळी पुरी होत नाही.

फोनवर पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे वजन. रुग्णाचं, सोबत्याचं आणि पिशव्यांचं, तेही खरंखुरं. छोट्या विमानात हा हिशेब कडक असतो. सेसना १७२ हे जगात सगळ्यात जास्त बनलेलं छोटं विमान. त्याच्या आताच्या मॉडेलला पूर्ण भारासह १,१५७ किलोपर्यंतच उड्डाण करता येतं. विमानाचं स्वतःचं वजन वजा केलं की साधारण ४०० किलो उरतात. टाक्या पूर्ण भरल्या तर इंधनाचेच १४० किलोंच्या वर जातात. राहिलेल्या अडीचशे किलोंत पायलट, रुग्ण, सोबती आणि सामान बसवायचं. सीट चार असल्या तरी चार मोठी माणसं आणि भरलेल्या टाक्या एका वेळी जमत नाहीत. सोबती वाढला की इंधन कमी घ्यावं लागतं, आणि इंधन कमी म्हणजे वाटेत हवा बिघडली तर दुसरीकडे वळायला सवड कमी.

खर्चाचाही अंदाज घेऊ. सेसना १७२ ताशी सुमारे २२० किलोमीटर जातं आणि तासाला ३२ ते ३४ लिटर इंधन पितं. रुग्णाचं गाव पायलटच्या घरापासून तासाभरावर असेल, तिथून रुग्णालयाचं शहर दोन तासांवर, आणि मग रिकामं विमान घेऊन घरी परतायला आणखी दोन तास, तर पाच तासांच्या उड्डाणात रुग्ण असतो फक्त दोन तास. गॅलनला (म्हणजे सुमारे ३.८ लिटरला) सहा डॉलर दर धरला तरी नुसतं इंधन अडीचशे डॉलरच्या पुढे जातं. विमानाचा विमा, देखभाल, हँगरचं भाडं वेगळंच.

हा खर्च पायलट स्वतः का सोसतो, याचं उत्तर त्याच्या दिलदारपणात जितकं आहे तितकंच कायद्यात आहे, आणि सगळ्या विषयाची मेख इथेच आहे. अमेरिकेत विमान उडवण्याचे नियम पायऱ्यापायऱ्यांनी कडक होत जातात. तिकीट विकणाऱ्या विमानकंपनीला सर्वांत कडक. दोन पायलट, प्रत्येकाकडे साधारण १,५०० तासांचा अनुभव, चाळिशी ओलांडलेल्या कॅप्टनची दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी. सर्वांत खालच्या पायरीवर खासगी पायलट. त्याला किमान ४० तासांच्या उड्डाणावर परवाना मिळू शकतो, विमानात तो एकटाच असतो आणि वैद्यकीय अटीही सौम्य असतात. एवढी मोकळीक देताना कायदा एकच मोठी अट घालतो: मोबदला घ्यायचा नाही.

मोबदल्याचा अर्थही फार व्यापक धरतात. रोख पैसे तर नकोतच, पण दुसऱ्यानं खर्च करावा आणि पायलटच्या खात्यावर उड्डाणाचे तास जमा व्हावेत, हासुद्धा फायदाच मानला जातो. मग धर्मादाय संस्थेनं इंधनाचे पैसे परत दिले तर? हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. २०१२ मध्ये अमेरिकी संसदेनं कायद्यात स्पष्ट केलं की रुग्ण किंवा प्रत्यारोपणाचा अवयव नेणाऱ्या स्वयंसेवी पायलटला संस्थेकडून इंधनाचा खर्च काही अटींवर घेता येईल. स्वतःच्या खिशातून भरलेलं इंधन देणगी म्हणून आयकरात दाखवता येतं. घालवलेला वेळ मात्र दाखवता येत नाही. अपघात झाला तर काय, याचंही उत्तर पायलटला ठाऊक असावं लागतं. स्वयंसेवकांना खटल्यांपासून संरक्षण देणारा १९९७ चा अमेरिकी कायदा आहे, पण विमान चालवताना झालेली हानी त्यातून वगळलेली आहे. म्हणून विमा लागतोच, आणि प्रवाशाकडूनही जबाबदारीबद्दलच्या कागदावर सही घेतात.

विमानकंपनीसाठी जी सुरक्षेची पातळी कायदा सक्तीची करतो, ती इथे तो मागत नाही. खासगी विमानात बसणारा माणूस सहसा पायलटचा मित्र किंवा नातेवाईक असतो आणि तो आपल्या मर्जीनं हौसेला आलेला असतो, असं त्यामागचं गृहीतक. केमोला निघालेली बाई या गृहीतकात बसते का? माझ्या मते नाही बसत. ती पायलटला ओळखत नाही, त्याचा अनुभव जोखू शकत नाही, आणि तिची गरज इतकी मोठी असते की नाही म्हणणं तिला जवळपास अशक्य असतं. या कामाबद्दल मनापासून आदर असूनही मला हे टोचत राहतं.

धोका कुठून येतो ते नीट समजून घेऊ. इंजिन बंद पडण्याची भीती सगळ्यांना वाटते, पण या उड्डाणांत जास्त घात करतं ते हवामान, त्यातही ढगात शिरणं. हौशी पायलटांपैकी अनेकांना फक्त बाहेर बघून उडण्याची परवानगी असते. क्षितिज दिसतं तोवर विमान सरळ आहे की कललंय ते डोळे सांगतात. ढगात शिरलं की सगळीकडे एकसारखं पांढरं, आणि मग मेंदू कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेवर भिस्त ठेवतो. तीच इथे दगा देते. फुगडी घालून एकदम थांबल्यावर आपण उभे असतो, पण घर फिरत राहतं. कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांतलं द्रव अजून फिरत असतं, म्हणून तसं वाटतं. विमानात याच्या उलट होतं. विमान हळूच एका बाजूला कलून वळत राहिलं, तर थोड्या वेळात ते द्रव त्या वळणाशी जुळवून घेतं आणि आपण सरळ जातोय असं वाटू लागतं. उंची कमी होताना दिसते म्हणून पायलट नाक वर ओढतो, पण विमान कललेलं असल्यानं वर चढण्याऐवजी ते आणखी आवळून वळतं आणि गिरक्या घेत खाली येतं. शेवटपर्यंत पायलटला आपण सरळ आहोत असंच वाटत असतं.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठानं यावर प्रयोग केला होता. उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० पायलटांना ढगात शिरल्यासारखी परिस्थिती दिली. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आलं नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले, म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत. यावर उपाय आहे. फक्त उपकरणांकडे बघून उडण्याचं वेगळं प्रशिक्षण घेऊन त्याचं रेटिंग मिळवता येतं. पण ते टिकवायला सतत सराव लागतो, आणि हौशी माणसाला तो दर वेळी जमतोच असं नाही.

२८ जून २०१७ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट गॅम्बियर इथे हेच घडलं. एक आई आणि तिची किशोरवयीन मुलगी ‘एंजल फ्लाइट ऑस्ट्रेलिया’नं ठरवलेल्या विमानानं उपचारासाठी ॲडलेडला निघाल्या होत्या. मोटारीनं ती वाट साडेचार तासांची. धावपट्टीवर खाली आलेले ढग होते, पायलटकडे उपकरणांवर उडण्याचं रेटिंग नव्हतं. उड्डाणानंतर साधारण एका मिनिटात विमान कोसळलं. तिघंही गेले. त्याआधी २०११ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात याच संस्थेसाठी झालेल्या उड्डाणात तिघांचा जीव गेला होता. अमेरिकेतही २००७ आणि २००८ या दोन वर्षांत अशा उड्डाणांचे चार जीवघेणे अपघात झाले, आठ माणसं दगावली.

हे पायलट बेपर्वा होते असं म्हणणं फार सोपं आहे. मला त्यात तथ्य दिसत नाही. स्वतःच्या नाश्त्यासाठी उडणारा पायलट समोर ढग बघून खुशाल घरी जातो. पण टर्मिनलच्या खुर्चीत एक मूल बसलंय, आईच्या हातात अपॉइंटमेंटचा कागद आहे, तज्ज्ञ डॉक्टरची वेळ मिळायला दोन महिने लागलेत, आणि दोघी पहाटेपासून आपली वाट बघतायत, हे डोळ्यांसमोर असताना ढग जरा विरळ भासू लागतो. कुणी दबाव टाकत नाही. कुणी काही बोलतसुद्धा नाही. माणूस मदतीला धावून आलेला असतो म्हणूनच त्याला मागे फिरणं जड जातं. चांगुलपणाच निर्णयाला ढकलतो, आणि त्या क्षणी विमानात त्याला अडवणारा दुसरा पायलट नसतो.

ऑस्ट्रेलियाच्या अपघात तपास यंत्रणेनं २०१९ मध्ये अहवाल दिला. इतर खासगी उड्डाणांच्या तुलनेत या संस्थेच्या उड्डाणांत जीवघेण्या अपघातांचा दर सातपट असल्याचं त्यात म्हटलं होतं. संस्थेनं या आकडेमोडीवर जोरदार आक्षेप घेतला. त्या आक्षेपात दम नाही असं नाही. एकूण दोनच जीवघेणे अपघात असताना काढलेला दर एका अपघातानंही खूप वर-खाली होतो. तरीही अहवालातली एक सूचना मला बिनतोड वाटते: ज्या मार्गावर विमानकंपनीची सेवा आहे तिथे रुग्णाला तिकीट काढून देण्याचा विचार करा. त्याच वर्षी तिथल्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणानं अशा उड्डाणांसाठी पायलटचा किमान अनुभव आणि विमानाची देखभाल यांबाबत जादा अटी लागू केल्या. संस्था त्याविरुद्ध न्यायालयात गेली, पण अटी टिकल्या. अटी वाढल्या की पायलट कमी होतात आणि दूरच्या गावातल्या माणसाची सोय जाते, ही संस्थेची काळजी खोटी नव्हती. पण रुग्णाला आपण काय पत्करतोय ते कळत नसेल, तर त्याच्या वतीनं कुणीतरी जोखायलाच हवं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१० मध्येच दोन साध्या गोष्टी सांगितल्या होत्या. एक, प्रत्येक खेपेआधी पायलटचा परवाना आणि सराव चालू आहे ना ते संस्थेनं तपासावं. दुसरी, हे उड्डाण विमानकंपनीच्या निकषांनी होणार नाही, हे रुग्णाला चौकशीच्या वेळीच सांगावं. विमानाजवळ उभं असताना नव्हे, घरी बसून विचार करता येईल तेव्हा.

यापलीकडे सगळ्यात मोठा फरक पडतो तो आधीच ठरवलेल्या दुसऱ्या वाटेमुळे. चांगल्या संस्था रुग्णाला पहिल्या दिवशीच सांगतात की हवा बिघडली तर विमान येणार नाही, तेव्हा मोटार, बस किंवा तारीख पुढे ढकलणं यांपैकी काय करायचं ते ठरवून ठेवा. डॉक्टरच्या कार्यालयालाही कळवून ठेवा. उड्डाण रद्द झाल्यानं उपचार बुडणार नसेल तर पायलटला ‘आज नाही’ म्हणणं सोपं जातं. कॅनडाची होप एअर तर विमानकंपन्यांची तिकिटंही काढून देते आणि स्वयंसेवी पायलटही वापरते. ‘एंजल फ्लाइट वेस्ट’लाही अलास्का एअरलाइन्सची साथ आहे. पायलट हा अनेक पर्यायांतला एक असला की सगळा भार एकट्या माणसाच्या त्या सकाळच्या निर्णयावर पडत नाही.

आपल्याकडे हे का नाही, असा प्रश्न वाचताना मनात आला असेलच. भारतात खासगी मालकीची छोटी विमानं फार थोडी आहेत. त्यांना लागणारं विशिष्ट पेट्रोल २०२२ पर्यंत पूर्णपणे आयात व्हायचं; मग इंडियन ऑइलनं ते वडोदऱ्याजवळच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली. हौशी पायलटनं सकाळी उठून परगावी उडून यावं, असा छंदच इथे रुजलेला नाही, त्यामुळे रिकाम्या सीटही नाहीत. आपली लांबच्या रुग्णांची वाट रेल्वेतून जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियलला देशभरातून येणारे रुग्ण तिच्यावरच विसंबतात. उपचारासाठी निघालेल्या कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टिअर एसीच्या भाड्यात पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. एसटीतही कर्करुग्णांना सवलत आहे. कित्येक कुटुंबांना याची माहिती नसते आणि ती पूर्ण तिकीट काढत राहतात, याचं फार वाईट वाटतं. आणि १९९१ मध्ये मुंबईहून निघालेल्या ‘लाइफलाइन एक्स्प्रेस’नं तर अंतराचा प्रश्न उलटा सोडवला, रुग्णाला शहरात आणण्याऐवजी शस्त्रक्रियेची खोलीच रुळांवरून गावाकडे नेली.

अमेरिका, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात छोट्या गावी राहणाऱ्या मराठी कुटुंबावर अशी वेळ आली, तर रुग्णालयातल्या सामाजिक कार्यकर्त्याला या सेवेबद्दल जरूर विचारा. बरेच जण संकोचतात, फुकटचं कसं घ्यायचं म्हणून. संकोच करू नका. सेवा त्यासाठीच आहे. मात्र होकार देण्याआधी चार गोष्टी मोकळेपणानं विचारा. पायलटला एकूण किती तासांचा अनुभव आहे, उपकरणांवर उडण्याचं रेटिंग आहे का आणि त्याचा सराव चालू आहे का, विमानात दुसरा पायलट असेल का, आणि उड्डाण रद्द करायचं झालं तर आदल्या रात्री किती वाजेपर्यंत कळेल. चांगला पायलट या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट त्याला बरंच वाटतं. आणि तो रात्री फोन करून उद्या हवा ठीक नाही म्हणाला, तर आग्रह करू नका. त्याचे आभार माना आणि मोटारीनं निघायचं तर गजर कितीचा लावायचा ते बघा.